नववीतल्या मुलीला इतिहासाची पहिली मराठी कादंबरी कोणती द्यावी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी नववीत, घोडबंदर रोडवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. इंग्रजी कादंबऱ्या दोन दिवसांत संपवते, ‘द बुक थीफ’ वाचून रात्री उशिरापर्यंत रडत होती. मराठी वाचता येतं, पण अडखळत. तुमचं माहेर नवी मुंबईतल्या घणसोलीच्या गावठाणातलं, सासर साताऱ्याकडचं आणि संसार ठाण्यात. मागच्या महिन्यात तिने विचारलं, “आई, आपण नक्की कुठले?” त्यावरून तुम्हाला वाटलं की इतिहास, स्वतःची ओळख आणि वयात येणं या तिन्हींना हात घालणाऱ्या कादंबऱ्या तिला द्याव्यात. यजमानांचं म्हणणं, ‘श्रीमान योगी’ किंवा ‘छावा’पासून सुरुवात करावी.

मी ठाण्यातल्या एका वाचनालयात २४ वर्षं आहे, त्यातली बरीचशी कुमार विभागात. या वयाची मुलं काय नेतात, काय न वाचता परत आणतात आणि काय चार-चार वेळा मुदत वाढवून घेतात, हे मी रोज बघते. त्या आधारावर सांगते. यजमानांनी सुचवलेली दोन्ही पुस्तकं तिने वाचावीतच, पण सुरुवात त्यांनी करू नका.

एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या हातात जाडजूड ठोकळा दिला की चाळिसाव्या पानावर खूण तशीच राहते आणि पुस्तक परत येतं. मुदतीच्या दंडाचं काही नाही हो, पण त्या मुलाच्या मनात पक्कं बसतं की मराठी आपल्याला झेपत नाही. असं वर्षातून पाच-सहा वेळा तरी माझ्यासमोर होतं, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तेरा-चौदाच्या वयात इतिहास सिंहासनाकडून समजत नाही. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्या नजरेतून तो समजतो. ‘बुक थीफ’ने तुमच्या मुलीला का रडवलं? नाझी जर्मनीचा काळ तिला हिटलरच्या भाषणातून दिसला नाही. घरापासून तुटलेली एक लहान मुलगी, तळघरात रात्री अक्षरं गिरवायला शिकणारी, त्याच तळघरात लपलेल्या ज्यू तरुणाशी दोस्ती करणारी, तिच्याबरोबर तो दिसला. मराठीतही अशीच नजर शोधायची. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ती पुष्कळ पुस्तकांत सापडते.

पहिलं पुस्तक, डोळे मिटून: प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. काटेकोर बोलायचं तर ही कादंबरी नाही, एकाच मुलाच्या कथा आहेत. १९९४ साली हे पुस्तक आलं आणि पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ अशी आणखी तीन आली. चारही सलग वाचली की कादंबरीचाच अनुभव येतो. लंपन नावाचा मुलगा आईवडील-बहिणींपासून दूर, आजी-आजोबांकडे सीमाभागातल्या गावात राहतो. आजीवर त्याचा जीव आहे, आणि तरीही आईच्या आठवणीने त्याच्या पोटात काहीतरी होतं. त्याला ते नीट सांगता येत नाही. तुमची मुलगी विचारते तोच प्रश्न हा मुलगा न विचारता जगतो. माझं घर कोणतं? जिथे आई आहे ते, की जिथे मी रोज झोपतो ते?

आणि त्याची भाषा! मराठीत कानडीचा हेल मिसळलेला, प्रत्येक गोष्ट “मॅडसारखी”. आपलं मराठी शुद्ध नाही म्हणून जी मुलं तोंड मिटून बसतात, त्यांच्यासाठी हे औषध आहे. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी हे पुस्तक परत द्यायला आली. आत टीएमटीच्या तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने आठ-नऊ शब्द लिहिलेले होते, न कळलेले. मी म्हटलं, बस, अर्थ बघू. तर ती म्हणाली, “अर्थ नकोय काकू, ते तसेच छान वाटतात. आमच्या आजीसारखे.” तिची आजी निपाणीची. तिने त्याच दिवशी ‘शारदा संगीत’ नेलं.

संत स्वतः कराडला भूशास्त्र शिकवत. म्हणजे तुमच्या सासरच्याच मुलखात. घरी ही गोष्ट जरूर सांगा. पुस्तकाचा लेखक आपल्या ओळखीच्या गावी राहिलेला होता, हे कळलं की मुलांना पुस्तक जवळचं वाटतं.

त्यानंतर मिलिंद बोकिलांची ‘शाळा’. २००४ ची कादंबरी. मुकुंद जोशी नववीतलाच आहे, काळ आणीबाणीचा. शिरोडकर नावाची वर्गातली मुलगी त्याला आवडते आणि सगळं जग त्या एका गोष्टीभोवती फिरतं. तुमची मुलगी ती त्यासाठीच वाचेल, वाचू दे. पण पानं उलटता उलटता तिच्या लक्षात येईल की मोठी माणसं काही वाक्यं हळू आवाजात बोलताहेत, कुणाला तरी भीती वाटते आहे, शाळेबाहेर काहीतरी चाललं आहे. जून १९७५ ते मार्च १९७७ हा काळ तिने कदाचित तारखांपुरता पाठ केला असेल. इथे तो वर्गाच्या खिडकीबाहेर दिसतो. पालकांना सांगून ठेवते, पोरांच्या तोंडी शिव्या आहेत आणि मुलींविषयीची त्या वयातली बोलणी आहेत. एकदा तुम्ही आधी वाचा, मग द्या. लपवू मात्र नका. आणि मुलांचं ते बोलणं वाचून तिला राग आला, तर तो राग तुमच्याशी बोलायला मिळू दे. गेल्या वर्षी एका मुलीने मला विचारलं होतं, “शिरोडकरला काय वाटत होतं ते कुणी लिहिलंय का?” मी तिला कोरी वही दिली. तिने चार पानं लिहून आणली, आणि ती फार चांगली होती.

साताऱ्याच्या बाजूसाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ ची, अगदी लहान, शनिवार-रविवारात संपणारी. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर पोरसवदा मास्तर शाळा चालवायला येतो. वाडीतल्यांना शाळा नको असते, मेंढरं कोण राखणार? हळूहळू तो त्यांच्यातला होतो. म्हातारा कारभारी, आनंदा रामोशी, तालमीची इमारत उभी राहणं आणि मग दुष्काळ. इतिहासाच्या पुस्तकात ‘संस्थान’ हा शब्द असतो; इथे राजा वाडीवर येतो तेव्हा वाडीचं काय होतं ते दिसतं. माडगूळकरांची वाक्यं छोटी आणि स्वच्छ आहेत, अडखळणाऱ्या वाचकाला सोपी जातात. त्या भागातली माणसं घरात असतील, तर दोन पानं मोठ्याने वाचायला सांगा. आवाजात ते पुस्तक वेगळंच लागतं.

‘पाडस’ही याच टप्प्यात द्या. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन यांनी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द इयरलिंग’चा केलेला हा अनुवाद. मूळ पुस्तक १९३८ चं, त्याला १९३९ चं पुलित्झर मिळालं. फ्लोरिडाच्या रानात आईवडिलांबरोबर राहणारा मुलगा आणि त्याने पाळलेलं हरणाचं पाडस. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की पुस्तक संपल्यावर तासभर तिला कुणी हाक मारू नका. मूळ इंग्रजी वाचू शकणाऱ्या मुलीला मी मुद्दाम मराठी ‘पाडस’ देते, कारण परदेशातलं रानही आपल्या भाषेत किती ओलं, किती जिवंत होऊ शकतं हे तिला कळावं म्हणून. शांता शेळक्यांनी ‘लिटल विमेन’चं केलेलं ‘चौघीजणी’ हेही तसंच.

आता ऐतिहासिक कादंबरी. चार-पाच पुस्तकं झाली, मराठीची गती आली की रणजित देसाईंची ‘स्वामी’ द्या. १९६२ ची. मी ती ‘श्रीमान योगी’च्या आधी देते, आणि त्याचं कारण नायकाचं वय. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब गेले आणि माधवराव पेशवे झाले तेव्हा ते १६ वर्षांचे होते. तुमच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठा मुलगा. घर हादरलेलं, तिजोरी रिकामी, काका राघोबादादा एकीकडे मायेचे आणि दुसरीकडे सत्तेसाठी उभे. मोठ्यांपुढे ‘नाही’ कसं म्हणायचं, हे पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाची गोष्ट म्हणून ही कादंबरी वाचली तर ती चौदाव्या वर्षीही पोहोचते.

मात्र दोन गोष्टी बोलल्याशिवाय हे पुस्तक देऊ नका. एक, ही कादंबरी आहे. माणसं खरी, मोठे प्रसंग खरे, पण खासगीतले संवाद, मनातले विचार लेखकाचे. मी मुलांना सांगते, एखादा प्रसंग निवड आणि शोध, यातलं कागदोपत्री काय सापडतं आणि लेखकाने काय रचलं? या एका सवयीने पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या इतिहासाकडेही ती नीट बघेल. दुसरी गोष्ट रमाबाईंचं सती जाणं. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव गेले, वय २७. रमाबाई सती गेल्या. पुस्तकात तो भाग इतका हळुवार आहे की वाचताना डोळे भरून येतात, आणि म्हणूनच तो नुसता सोडून द्यायचा नाही. आजची मुलगी तिथे थांबून “पण का?” असं विचारेलच. तुम्ही तिच्याबरोबर थांबा. त्या काळात विधवेपुढे काय काय वाढून ठेवलेलं असायचं, ते तिला सांगा. सुंदर लिहिलेली प्रत्येक गोष्ट मान्य करावीच लागत नाही, हे तिला त्याच ठिकाणी कळेल.

‘स्वामी’ झाल्यावर तिला घेऊन ठाण्याच्या मध्यवर्ती तुरुंगाच्या बाजूने एक चक्कर मारा. तो पूर्वी ठाण्याचा किल्ला होता, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला. माधवराव गेले, त्यांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा इंग्रजांच्या वळचणीला जाऊ लागले, आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलं. कादंबरीत घरातलं वाटणारं काका-पुतण्याचं भांडण आपल्या स्टेशनपासून थोड्या अंतरावरच्या या भिंतीपर्यंत येऊन पोहोचतं. याच तुरुंगातून १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले. आणि इथेच १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरेला फाशी झाली, वय १८. मुलांना घेऊन मी तिथून जाते तेव्हा हा आकडा ऐकल्यावर सगळी गप्प होतात. अठरा म्हणजे बारावी पास झालेला दादा, हे त्यांना लगेच कळतं.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’विषयी थोडक्यात. १९६७ ची, जाड आहे, पण कर्ण, कुंती, शोण, दुर्योधन, वृषाली, कृष्ण असे एकेक जण स्वतः बोलतात, त्यामुळे कंटाळा येत नाही. मी कोण, सूतपुत्र की आणखी कुणी, या प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी आहे. सुट्टीत द्या. ‘छावा’ आणि ‘श्रीमान योगी’ त्याच्यानंतर, दहावीच्या सुट्टीत. तोपर्यंत यजमानांनी धीर धरावा ही विनंती.

आता फक्त राजवाड्यांच्या कादंबऱ्या वाचल्या तर ती इतिहासाला अर्धाच भेटेल. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. वारणेच्या खोऱ्यातला मांग समाजातला तरुण, इंग्रजांनी मागे लावलेली रोजची हजेरी, दुष्काळात उपाशी मरणारी माणसं आणि त्यांच्यासाठी लुटलेलं धान्य. गोष्ट इतक्या वेगाने पळते की वाचायला न आवडणारी मुलंही थांबत नाहीत. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. ते घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडपट्टीत राहून लिहीत. ठाण्याहून लोकलने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी. जात हा शब्द तुमच्या घरात मोकळेपणाने बोलला जात नसेल, तर हे पुस्तक त्याची सुरुवात करून देईल. तिने प्रश्न विचारला तर “ते सगळं पूर्वी होतं” असं म्हणून झटकू नका. तिच्या वर्गात ते आहेच, तिला कदाचित तुमच्याआधी दिसलेलं असेल. दोन वर्षांनी ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ द्या. कोकणातल्या दलित घरातली मुलगी, बांबूची आयदानं, म्हणजे टोपल्या-सुपं विणणारी तिची आई. आत्मकथन आहे, पण मुलगी मोठी कशी होते हे इतकं थेट क्वचितच लिहिलं गेलं आहे. दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’ मात्र सतरा-अठराव्या वर्षी. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ही तेव्हाच, घर सोडून वसतिगृहात गेल्याशिवाय तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पुरता कळत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मुलींना मी हमखास सुचवते. कोवळ्या वयात लग्न, नवरा धर्म बदलून ख्रिस्ती होतो, बाई मागे राहते, रडते, भांडते, आणि मग एक दिवस स्वतः विचार करून माणसामाणसांतला भेद मनातून काढून टाकते. एवढं सगळं असूनही वाचताना खळखळून हसू येतं. मी ते अख्खं एका दमात वाचायला सांगत नाही. तुम्ही जेवणानंतर दहा-दहा पानं वाचून दाखवा.

‘श्यामची आई’ राहिली. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मुलांनी आपलं ऐकावं म्हणून आपण ती देतो, आणि मुलं नेमकी म्हणूनच तोंड वाकडं करतात. श्याम रात्री-रात्री सांगतो त्या आठवणींमधून एक घर कर्जापायी कसं एकेक पायरी खाली उतरत जातं ते बघायला सांगा. आईचा मानी स्वभाव आणि सावकाराचा माणूस दारात, हे वाचताना मुलं नीट बसतात.

आता तुमच्या माहेराकडे येते, कारण मला वाटतं तिचा प्रश्न तिथूनच आलेला आहे. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ धरणाखाली गेलेल्या गावच्या माणसांची कादंबरी आहे. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मोठी आहे, जड आहे, अकरावीपर्यंत थांबा. पण नवी मुंबईतल्या मुलांनी ती वाचावीच असं मला मनापासून वाटतं. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली, ठाणे-पनवेल-उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहिलं. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढताना पाच शेतकरी गोळीबारात गेले, आणि त्या लढ्यातून पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पामबीच रोडवरून जाताना हे काही दिसत नाही.

कोपरखैरण्याच्या गावठाणातला एक मुलगा माझ्याकडून ‘झाडाझडती’ घेऊन गेला होता, अकरावीत होता. तीन आठवड्यांनी मुदत वाढवायला आला. म्हणाला, “मी वाचत नाहीये, आजोबांना वाचून दाखवतोय. ते मध्येच थांबवतात.” आजोबा थांबवून काय सांगत होते, तर आपली खाचरं कुठून कुठपर्यंत होती, मिठागर कुठे होतं, खाडीवर जायची वाट आता कोणत्या सेक्टरच्या खाली गेली. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर नकाशा काढला होता. निळ्या पेनने आजची इमारत, लाल पेनने आजोबांनी सांगितलेलं शेत. एका ठिकाणी त्याच्या ट्यूशनच्या क्लासवर लाल रंगात लिहिलं होतं, “आजीची भाताची खाचर”. मी ते पान कितीतरी वेळ बघत बसले. तुमच्या वडिलांच्या पिढीतलं घणसोलीत कुणी असेल, तर कादंबरीची वाट न बघता या सुट्टीत मुलीला त्यांच्याजवळ बसवा. भाषा आगरी असेल, ती तशीच लिहून घ्यायला सांगा.

वाचनाच्या पद्धतीबद्दल थोडं. पहिली वीस-पंचवीस पानं तुम्ही मोठ्याने वाचा. ती पन्नास पानांनंतर सोडते म्हणाली तर सोडू द्या, वर्षभराने परत बघू. “काय शिकलीस?” असं कधीही विचारू नका. “कोण आवडलं नाही?” असं विचारा, त्यावर मुलं भरभरून बोलतात. सगळी पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. स्टेशनजवळचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे. तिच्या स्वतःच्या नावाने सभासदत्व घ्या, कार्ड तिच्या पाकिटात राहू दे आणि पुस्तक बदलायला तिला एकटीला जाऊ दे.

तर या आठवड्यात फक्त ‘वनवास’. बाकीची यादी तिला दाखवूही नका. पुस्तक संपल्यावर तिने तुम्हाला काय विचारलं ते मला कळवा. लंपनच्या आईबद्दल विचारलं तर पुढे ‘शारदा संगीत’, शाळा-मित्रांबद्दल विचारलं तर ‘शाळा’, आणि ही माणसं अशी का बोलतात असं विचारलं तर ‘बनगरवाडी’.